शुक्रवारचा रिपोर्ट

"खिडकी लाव ना, मंदा. उजेड डोळ्यात टोचून राहिला."

चित्रा पांघरुणातूनच बोलली. रविवारची सकाळ होती, सात-साडेसात झाले असतील. मी खिडकीत बसून आमच्या दोघींच्या युनिफॉर्मला साबुदाण्याची खळ करत होते. बुधवारी आमचं कॅपिंग होतं. नर्सिंगला आलेल्या मुलींना सहा महिने झाले की हातात दिवा घेऊन शपथ घ्यायची असते आणि मेट्रन मॅडम एकेकीच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवतात. आम्ही बावीस जणी महिनाभर त्या बुधवारची वाट पाहत होतो.

"उठ आता. दहा वाजता प्रॅक्टिस आहे," मी म्हटलं.

"डोकं फुटून राहिलं गं."

मी जाऊन तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसावा इतका ताप होता. पहाटे ती दोनदा ओकून आली होती, ते मला झोपेत अर्धवट ऐकू आलं होतं. आदल्या दिवशी आम्ही बाजारात कचोरी खाल्ली होती. मला वाटलं, पित्त खवळलं. मी तिला तापाची गोळी दिली, वर दोन घोट चहा पाजला आणि उरलेला चहा मी प्यायले. आमचा ग्लास एकच होता. चित्राचा ग्लास आल्या-आल्याच हरवला आणि तिनं नवा घेतलाच नाही. आधी ती प्यायची, मग मी. आमच्या खाटाही जोडलेल्या होत्या. तिच्या गावची बोली, तिच्या आईची लोणची, तिच्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न, सगळं मला घरच्यासारखं पाठ होतं.

हे शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतलं. गाव वर्धा नदीच्या काठचं, तालुक्याचं. तिथं एका ट्रस्टचं हॉस्पिटल होतं आणि त्याच्या मागच्या अंगाला आमचं वसतिगृह, म्हणजे एक लांबलचक हॉल आणि दोन रांगांत बावीस खाटा.

समोरच्या खाटेवरून सुगंधा उठून आली. सुगंधा कुमरे. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका पाड्यावरची. बोलायची कमी, पण प्रॅक्टिकलला तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. इंजेक्शन द्यायला शिकताना आम्ही सगळ्या एकमेकींना टोचायला घाबरायचो; सुगंधासमोर मात्र बिनधास्त दंड पुढे करायचो. आठच दिवसांपूर्वी ती घरून परत आली होती. तिच्या भावाचा चार वर्षांचा मुलगा तापानं गेला होता.

तिनं चित्राच्या मानेखाली हात घातला आणि डोकं हळूच उचलायला गेली. चित्रा किंचाळली. डोकं उचललं गेलंच नाही. मान लाकडासारखी ताठ होती.

"मंदा, हनुवटी छातीला टेकत नाही हिची," सुगंधा म्हणाली. "होम सिस्टरला सांगून येते."

"नको," चित्रा कण्हत म्हणाली. "मला ॲडमिट करतील. कॅपिंग जाईल माझं. मंदा, सांग ना हिला."

आणि मी सांगितलं. "थांब ना जरा, सुगंधा. आत्ताच गोळी दिली मी. तासाभरात ताप उतरला नाही तर सांगू."

सुगंधानं माझ्याकडे पाहिलं.  परत आपल्या खाटेवर जाऊन बसली, पण नजर चित्रावरच होती.

तास नाही, दीड तास गेला. नऊच्या सुमारास सुगंधा पुन्हा आली आणि न विचारता तिनं चित्राच्या पायांवरचं पांघरूण दूर केलं. घोट्यापाशी आणि तळपायावर जांभळे ठिपके होते. काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही एकात एक मिसळून डागासारखे झालेले. सुगंधानं एका ठिपक्यावर अंगठा दाबून धरला, काढला. ठिपका तसाच.

"दाबलं तरी जात नाही. आत रक्त साकळून राहिलं," ती म्हणाली आणि अनवाणीच धावत सुटली.

वसतिगृह सांभाळणाऱ्या होम सिस्टर आल्या, स्ट्रेचर आलं. चित्रा तोवर बडबडायला लागली होती. मी तिचा हात धरून वॉर्डापर्यंत चालत गेले. ती मला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारत होती.

वॉर्डात डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवून पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. निरोगी माणसाचं ते पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ असतं, असं आम्हाला शिकवलं होतं. काचेच्या नळीत उतरलं ते तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. डॉक्टरांनी ती नळी उजेडाकडे धरली आणि कुणाला काही न सांगता स्वतःच पेनिसिलीन भरायला घेतलं. एवढं मोठं हॉस्पिटल, इतक्या सिस्टर, आणि डॉक्टर स्वतः सिरिंज भरतात हे पाहूनच मला कळलं, हे पित्त नव्हे.

दुपारी चित्राची आई आली. बुधवारच्या कार्यक्रमाला म्हणून घेतलेलं नवं लुगडं नेसून आली होती, कारण निरोप नेणाऱ्या माणसानं तिला एवढंच सांगितलं होतं की पोरीच्या शाळेत बोलावलं आहे. तिला तोंडाला फडकं बांधायला लावून आत सोडलं. चित्रानं आईला ओळखलं नाही.

"काय झालं हिले?" आईनं मला विचारलं.

"मेंदूला सूज आली आहे, काकू."

"पडली का कुठं?"

"नाही."

"मंग सूज कशी येते, बाई, पडल्याबिगर?"

 त्या दिवशी दुपारपासून चित्राजवळ कोण बसणार, असं होम सिस्टरनी विचारलं तेव्हा आम्ही सगळ्या एकमेकींकडे पाहत राहिलो. सुगंधा म्हणाली, "मी बसते." ओल्या फडक्यानं अंग पुसणं, उलटी झाली की मान वळवून धरणं, तासातासाला नाडी लिहिणं, सगळं तिनंच केलं. मी दारात उभी राहत होते आणि रडू आलं की परत जात होते. मैत्रीण माझी होती. सेवा सुगंधानं केली.

सोमवारी सकाळी दहा वाजता चित्रा गेली. अठरा वर्षांची होती. सगळं मिळून एक दिवस आणि दोन-अडीच तास.

आई ओरडून रडली नाही. तिनं चित्राच्या पायांवरची चादर काढली, ते जांभळे डाग पाहिले आणि पदराला थुंकी लावून पुसू लागली, लहान मुलाच्या गालावरचं काजळ पुसतात तसे. सुगंधानं तिचा हात धरला. "आई, ते निघत नाही," ती म्हणाली. मग आई रडली.

त्याच दिवशी दुपारी मेडिकल कॉलेजातले डॉ. पद्मावार जीप घेऊन आले. आम्हा एकवीस जणींना जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं. स्वयंपाकाच्या पार्वता मावशीही दाराशी उभ्या राहिल्या. डॉक्टर पन्नाशीचे, बुटके, आवाज अगदी मऊ.

"पोरींनो, तुमची मैत्रीण गेली. मला माहीत आहे, तुम्हाला आत्ता काही ऐकावंसं वाटत नसेल. पण ऐका. मेंदूवर आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर पातळ आवरणं असतात, संत्र्याच्या फोडीवरच्या पापुद्र्यासारखी. त्यांना सूज आली की त्याला मेनिंजायटिस म्हणतात. ही सूज बऱ्याच कारणांनी येते. विषाणूंनी येते, ती बहुतेक वेळा आपसूक बरी होते. टीबीच्या जंतूनं येते, ती हळूहळू चढते. चित्राला झाली ती मेनिंगोकोकस नावाच्या जंतूमुळे. हा जंतू एका दिवसात माणूस नेतो."

"सर, हवेतून पसरतो का?" कुणीतरी विचारलं.

"लांबून नाही. जवळून. थुंकीतून, घशातल्या कफातून. तोंडासमोर खोकणं, शिंकणं, उष्ट्या भांड्यानं पिणं, दाटीवाटीनं एका खोलीत झोपणं. म्हणून वसतिगृहात, बराकीत हा जास्त सापडतो. कपड्यांतून, धुतलेल्या ताटांतून तो येत नाही."

"मग तिला कोणाकडून लागला?" हे मी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ते शोधून सापडत नाही, बाळ. दहा धडधाकट माणसांत एखाद्याच्या घशात हा जंतू मुकाट बसलेला असतो. त्या माणसाला ताप नाही, खोकला नाही, काही नाही. काही आठवडे राहतो, कधी काही महिने, आणि निघून जातो. त्याच्याकडून दुसऱ्याच्या घशात गेला, तरी शंभरात नव्याण्णव जणांना काही होत नाही. एखाद्याच्या रक्तात उतरतो. त्याच्याच का, हे आम्हालाही नीट कळलेलं नाही. तेव्हा कोणाकडून लागला, हा प्रश्न विचारू नका."

मग त्यांनी प्रत्येकीच्या घशात कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतला आणि प्रत्येकीला दोन दिवसांच्या लाल कॅप्सूल दिल्या. या औषधानं लघवी केशरी होईल, डोळ्यांतलं पाणीसुद्धा केशरी येईल, घाबरू नका, असं बजावलं. आणि तसंच झालं. त्या रात्री आमच्या उशांच्या पांढऱ्या खोळींवर केशरी डाग पडले.

प्रश्न विचारू नका म्हणून सांगितलं होतं. पण आम्ही तोच धरून बसलो होतो. मंगळवारी सकाळी नळावर आठ-दहा जणी होत्या. पार्वता मावशी म्हणाल्या, "आमच्या आजीच्या काळात याले मानमोडी म्हणत. गावात एक मेला का घरंच्या घरं रिकामी होत. कोणीतरी आणल्याबिगर येत नाही हे."

 नळ वाहत होता. मला रविवारचा तो दीड तास आठवत होता; कालपासून दुसरं काही आठवतच नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुगंधाचा भाचा तापानंच गेला ना?"

एवढंच बोलले मी. पण दुपारपर्यंत ते वीस जणींचं झालं.

सुगंधाची खाट दोघींनी उचलून हॉलबाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली. मावशींनी तिचं ताट वेगळं केलं आणि भाजी वरून वाढायला लागल्या. ती नळावर आली की बाकीच्या बादल्या उचलायच्या. बुधवारचं कॅपिंग पुढं ढकललं होतं. तेसुद्धा तिच्यामुळेच, असं कुणीतरी म्हणालं.

सुगंधा पहिल्या दिवशी भांडली. हॉलच्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "माझ्या भाच्याला हिवताप होता. डोक्यात चढला होता. तो डासानं होतो, जवळ बसल्यानं होत नाही. आपल्याला दोन महिन्यांपूर्वी शिकवलं ना हे? वही काढा ना कोणीतरी."

कुणी वही काढली नाही. माझ्या वहीत ते होतं. कोणत्या पानावर होतं तेसुद्धा मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती भांडली नाही. व्हरांड्यात खाटेवर बसून अभ्यास करायची. तिला थोडा खोकला होता, धुळीचा असेल, पण खोकला आला की ती पदर तोंडात कोंबायची, आवाज आत जाऊ नये म्हणून.

शुक्रवारी दुपारी डॉ. पद्मावार पुन्हा आले. ऑफिसच्या खोलीत बसून एकेकीला बोलावलं. आत गेलेली मुलगी मिनिटभरात बाहेर यायची, "काही नाही" म्हणून हसायची. सुगंधाही आत जाऊन आली. माझा नंबर शेवटी लागला आणि मला थोडा वेळ लागला.

संध्याकाळी सुगंधा हॉलच्या उंबऱ्यापर्यंत आली. "माझ्या घशात काही निघालं नाही. सरांनी सांगितलं," ती म्हणाली.

"ती तेच म्हणणार," मागून कुणीतरी पुटपुटलं.

सुगंधानं ऐकलं. मग ती माझ्याकडे वळली. "मंदा, तुझं काय आलं?"

"काही नाही," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी तिचे वडील आले. मेट्रन मॅडमनी निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. अंगात जाडाभरडा सदरा, खांद्यावर टॉवेल, पायांना चालून आलेली धूळ. मेट्रन मॅडम त्यांना म्हणाल्या, "मुली घाबरल्या आहेत. महिनाभर घरी राहू द्या, वातावरण निवळलं की बोलावू."

"पोरीनं काही केलं का?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही. पण सध्या नको."

त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. मुलीची पेटी उचलून खांद्यावर घेतली. सुगंधा त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेली. आम्ही सगळ्या हॉलच्या खिडक्यांत उभ्या होतो. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

महिन्यानं तिला कुणी बोलावलं नाही आणि तीही आली नाही. मार्चच्या शेवटी आमचं कॅपिंग झालं. वीस टोप्या लागल्या.

मी नर्स झाले. पुढं शिकले आणि एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. दरवर्षी मेनिंजायटिसचा धडा यायचा. कारणं, लक्षणं, प्रसार, प्रतिबंध. मी फळ्यावर लिहायची, मुली उतरवून घ्यायच्या. चित्राचं मी कधीच सांगितलं नाही.

अठरा वर्षं अशी गेली. मग एका वर्षी, पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं वही मिटून विचारलं, "मॅडम, ज्याच्या घशात तो जंतू असतो, त्याला कळतं का?"

"नाही कळत," मी म्हटलं. "तपासणी केली तरच."

"आणि कळल्यावर त्यानं काय करायचं?"

"औषध घ्यायचं," मी म्हणाले. ती मुलगी अजून कशाची तरी वाट बघत उभी होती. मी तास संपायच्या आधीच वर्गातून बाहेर आले.

पुढच्या सुट्टीत मी सुगंधाचं गाव शोधत गेले. एसटी जिथवर जाते तिथवर गेले, पुढं तीन किलोमीटर चालले. गावात विचारलं तर एका बाईनं अंगणवाडीकडे बोट दाखवलं. सुगंधा तिथं मदतनीस होती. चुलीवर पोरांची खिचडी शिजत होती. केस पांढरे झाले होते, हात तसेच. मला पाहून तिनं डाव हातातच धरला.

"मंदा ना?"

"हो."

"बस."

मी पायरीवर बसले. तिनं तांब्याभर पाणी दिलं. तिची दोन मुलं, नवरा, शेताचा तुकडा, याबद्दल चार वाक्यं झाली. मग मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं.

त्या शुक्रवारी डॉ. पद्मावारांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "एकवीस जणींत फक्त तुझ्या घशात ते जंतू सापडले. आता औषधानं गेले असतील. यावरून तूच तिला दिले असं होत नाही. तिच्याकडून तुला आले असतील, किंवा दोघींना तिसऱ्याच कुणाकडून. हे कधीच कळणार नाही, म्हणून मी कुणाला नाव सांगणार नाही. तूही मनाला लावून घेऊ नकोस." आणि मी उठताना त्यांनी विचारलं होतं, "हॉस्टेलमध्ये सगळं ठीक ना? कुणावर संशय घेऊन त्रास देत नाहीत ना मुली?" ऑफिसच्या खिडकीतून व्हरांडा दिसत होता. व्हरांड्यातली खाट दिसत होती. खाटेवर पुस्तक धरून बसलेली सुगंधा दिसत होती. मी म्हटलं होतं, "नाही सर. सगळं ठीक आहे."

सुगंधानं सगळं ऐकून घेतलं. खिचडी लागू नये म्हणून मध्ये एकदा ढवळली.

"मग तुला काही झालं कसं नाही?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. काहींच्या घशात तो नुसता राहतो, शरीर त्याला आत उतरू देत नाही, त्याला वाहक म्हणतात. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "किती दिवस राहतो?" मी सांगितलं. "आता लस आहे का यावर?" आहे म्हटलं. प्रत्येक उत्तरावर ती मान हलवत होती.

"म्हणजे तुलाही माहीत नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"आधी नव्हतं."

"शुक्रवारी दुपारी कळलं."

"हो."

"मी शनिवारी गेली."

 पोरं ताटल्या घेऊन अंगणात जमायला लागली होती. तिनं त्यांना रांगेत बसवलं, प्रत्येकाला वाढलं, एकाचं नाक पुसलं. सगळ्यांचं वाढून झाल्यावर हात धुऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला सांगून काय होते, मंदा? माझ्या घशात काही नव्हतं ते मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "घरी येऊन मी हजार वेळा सांगितलं. कोणी मानलं नाही. सरकारी दवाखाना नाही, मोठा दवाखाना, तिथून काढून दिली म्हणजे पोरीत काहीतरी असलंच, असं म्हणे. माझ्या भावानं चार वर्षं पोरांना माझ्याजवळ येऊ दिलं नाही. बाप काही म्हणाला नाही कधी. पण त्यालाही तसंच वाटते. अजून वाटते. तू बापाला सांग."

"आहेत ते?"

"घरीच आहे. चल."

तिचे वडील अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होते. खूप थकले होते. सुगंधा त्यांच्याशी गोंडीत काहीतरी बोलली, त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"बाबा, मी सुगंधाबरोबर शिकायला होते," मी सुरुवात केली.

"मोठ्यानं बोल," सुगंधा म्हणाली. "ऐकू कमी येते त्याला."

मी आवाज चढवला. "तिथं एक मुलगी वारली होती. रोग सुगंधानं आणला असं सगळे म्हणाले. ते खोटं होतं."

"अं?" त्यांनी कानामागे हात धरला.

"सुगंधाच्या घशात काही नव्हतं!" मी ओरडून म्हणाले. शेजारच्या घरातून दोन बाया बाहेर आल्या. समोरच्या कुडापाशी एक म्हातारा थांबला. "तपासणी झाली होती! तिच्या घशात काही नव्हतं! माझ्या घशात होतं! मला माहीत होतं, तरी मी बोलले नाही!"

त्यांच्या हातातली दोरी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. सुगंधा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, रडत नव्हती.

"तवा काऊन नाही बोलली, बाई?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच कळून घ्यायचं होतं त्यांना.

"भ्यायले होते," मी म्हटलं. माझा आवाज बसला होता.

त्यांनी पुन्हा कानामागे हात धरला आणि माझ्याकडे झुकले. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. आता अंगणाबाहेर आठ-दहा माणसं उभी होती.

मी परत सांगितलं, मोठ्यानं.